पिवळा फेस, अख्खं अन्न आणि फाडलेली कचऱ्याची पिशवी

प्रश्न : आमचा खंड्या ४ वर्षांचा, मिश्र जातीचा, वजन १२ किलो. लसी आणि जंताचं औषध वेळच्या वेळी होतं. सकाळी ८ला आणि संध्याकाळी ६ला जेवतो. गेले दोन-तीन महिने आठवड्यातून दोनदा तरी पहाटे पिवळ्या फेसाची उलटी करतो आणि मग काही झालंच नाही असा हिंडतो. कधी कधी जेवून उठल्या उठल्या सगळं अन्न जसंच्या तसं बाहेर काढतो आणि आम्ही पुसायच्या आत परत खातोही. गेल्या आठवड्यात त्याने कचऱ्याची पिशवी फाडली आणि रात्रभरात पाच उलट्या केल्या. वडिलांनी पाण्याचं भांडं चोवीस तास उचलून ठेवलं. शेजारी म्हणाले, मिठाचं पाणी पाजा, सगळं निघून जाईल. मी घरातली ॲसिडिटीची गोळी देणार होते, पण धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आपला आपण सावरला. प्रत्येक उलटीला डॉक्टरकडे धावायचं का? नसेल, तर कधी धावलंच पाहिजे?

उत्तर : गोळी दिली नाहीत ते उत्तम केलंत. मिठाचं पाणी पाजलं नसेल तर तेही. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टींचं कारण एक नाही आणि उपायही एक नाही, म्हणून एकेक घेऊ. सुरुवात मधल्या गोष्टीपासून, कारण तिथेच लोक सगळ्यात जास्त फसतात.

जेवल्यावर लगेच जसंच्या तसं अन्न बाहेर येणं ही बहुतेकदा उलटी नसतेच. खऱ्या उलटीआधी कुत्रा बेचैन होतो, जिभल्या चाटतो, लाळ गाळतो, सारखे आवंढे गिळतो. मग पोट भात्यासारखं आत-बाहेर होतं, दोन-चार जोरदार उबळी येतात आणि पडतं ते अर्धवट पचलेलं, बऱ्याचदा पित्त मिसळलेलं. अन्ननलिकेतूनच परतलेल्या घासाला यातलं काही लागत नाही. कुत्रा मान खाली घालतो आणि अन्न घरंगळत बाहेर येतं. पोटाचे स्नायू हलतही नाहीत. बाहेर पडलेला गोळा लांबट, नळीच्या आकाराचा, चिकट लाळेत लडबडलेला असतो आणि त्याला पित्ताचा पिवळेपणा नसतो. ते अन्न पोटापर्यंत पोचलेलंच नाही.

हा फरक ओळखायचा तो एवढ्यासाठी की दुखणं अन्ननलिकेचं असेल तर पोटाची औषधं फुकट जातात, आणि असा परतलेला घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. खंड्याच्या बाबतीत बकाबका खाणं हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे, कारण हे कधी कधीच होतं आणि तब्येत चांगली आहे. दिवसभराचं अन्न तेवढंच ठेवून ते तीन वेळांत वाटा. आतून उंचवटे असलेलं हळू खाण्याचं भांडं मिळतं ते वापरा, किंवा मोठ्या पसरट ताटात अन्न पातळ पसरून द्या. कोरडं खाद्य असेल तर कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. खाल्ल्यावर अर्धा तास पळापळ नको. परत खातो त्याची किळस वाटते हे समजू शकतो, पण पोटात न गेलेलं अन्न पुन्हा खाल्ल्याने त्याला अपाय होत नाही. कचऱ्यानंतरची उलटी मात्र त्याने चाटायच्या आत उचला.

एवढं करूनही आठ-दहा दिवसांत थांबलं नाही, पाणीसुद्धा परत यायला लागलं, वजन उतरलं किंवा जोडीला खोकला लागला तर छातीचा एक्स-रे काढून घ्या. अन्ननलिका सैल पडून रुंदावण्याचा मेगाइसोफेगस नावाचा आजार असतो. त्यात कुत्र्याला सरळ उभ्या अवस्थेत भरवून नंतर दहा-पंधरा मिनिटं तसंच धरून ठेवावं लागतं.

आणखी एक तोतया म्हणजे खोकला. कुत्रा घसा खरवडल्यासारखा खाकरतो, शेवटी थोडा पांढरा फेस टाकतो आणि घरचे डॉक्टरांना सांगतात की उलट्या होतायत. उपचार पोटाचे सुरू होतात आणि मूळ दुखणं घशाचं, श्वासनलिकेचं किंवा हृदयाचं निघतं. म्हणून पुढच्या वेळी आधी मोबाइल काढा आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, फरशी नंतर पुसा. तोंडी वर्णनापेक्षा तो व्हिडिओ डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडतो.

आता पहाटेचा पिवळा फेस. संध्याकाळी ६ ते सकाळी ८ म्हणजे १४ तास पोट रिकामं. इतक्या वेळात लहान आतड्यातलं पित्त उलटं जठरात झिरपतं, रिकाम्या जठराच्या अस्तराला झोंबतं, आणि कुत्रा थोडासा पिवळा फेस ओकून मोकळा होतो. उलटी पहाटे किंवा खूप उपाशी असतानाच होणं, तिच्यात अन्न नसणं आणि नंतर भूक शाबूत असणं, हे तिन्ही जुळत असेल तर औषधाआधी वेळापत्रक बदलून पाहावं. रात्री झोपण्यापूर्वी, १०-११ वाजता, दिवसाच्या आहारातला पाव हिस्सा द्या. वरचं जास्तीचं नको, नाहीतर उलटी थांबेल आणि वजन वाढेल. सकाळी उठल्यावरही फार ताटकळत ठेवू नका. फरक पडायचा असेल तर साधारण आठवडाभरात दिसतो. दोन आठवडे नेमाने करूनही पहाटेची उलटी चालूच राहिली तर ‘त्याला पित्ताचा त्रास आहे’ असं म्हणून सोडून देऊ नका. तीन आठवड्यांहून जास्त चाललेल्या उलटीला डॉक्टर जुनाट धरतात, आणि तुमच्याकडे तर दोन-तीन महिने झालेत. त्या तपासण्यांबद्दल शेवटी सांगतो.

कचऱ्याची रात्र. कचरा, शिळंपाकं, तुपकट उरलंसुरलं खाल्ल्यावर निरोगी मोठ्या कुत्र्याला दोन-चार उलट्या होणं आणि दिवसभरात तो सावरणं हे नेहमीचं आहे. पोट नको ते बाहेर फेकतं. पण पाच उलट्या ही आमच्या मते घरी थांबण्याची शेवटची मर्यादा होती, आणि चोवीस तास पाणी बंद ठेवणं ही त्या रात्रीची सगळ्यात मोठी चूक. उलटीतून पाणी आणि क्षार जातात. वरून पाणीही तोडलं तर साधी पोटाची कुरबुर सलाईनपर्यंत जाते.

मग घरी करायचं काय? शेवटच्या उलटीनंतर तासभर काहीच देऊ नका, पाणीसुद्धा नाही. भांडं भरून समोर ठेवलं तर तहानलेला कुत्रा घटाघटा पितो, ताणलेलं पोट पुन्हा उसळतं, आणि ‘पाणीही टिकत नाही’ असं चित्र तयार होतं. तासानंतर १२ किलोच्या कुत्र्याला दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० मिली पाणी दर अर्ध्या तासाने द्या. दोन तास टिकलं की प्रमाण दुप्पट करा, आणखी तीन-चार तासांनी भांडं नेहमीसारखं ठेवा. निरोगी असताना या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला ६००-७०० मिली पाणी लागतं, त्यातलं थोडं अन्नातून येतं. त्यावरून तूट किती पडली असेल याचा अंदाज बांधता येतो. चमच्याने दिलेलं पाणीही उलटून पडलं तर घरचे प्रयोग तिथेच थांबवायचे.

अन्न सहा ते आठ तास बंद, फार तर बारा. त्याहून लांब उपासाचा फायदा नाही. आतड्याच्या अस्तराला सावरायला अन्न लागतंच. पिल्लांना, अगदी छोट्या जातींना आणि मधुमेही कुत्र्यांना असा उपास घडवू नका. पिल्लांच्या रक्तातली साखर काही तासांत इतकी उतरते की ती लटपटतात, झटके येतात.

उपासानंतर बिनहाडाचं, कातडं काढलेलं चिकन साध्या पाण्यात उकडून कुस्करा आणि त्याच्या दुप्पट मऊ पांढरा भात मिसळा. मीठ, तेल, तूप, हळद, मसाला काही नाही; कांदा-लसूण तर अजिबात नाही, त्याने तांबड्या पेशी फुटतात. चिकन सोसत नसेल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चालेल. पहिला घास दोन चमचे, सुमारे ३० ग्रॅम. दोन तास टिकला तर पुन्हा तेवढाच, मग दर तीन-चार तासांनी थोडं थोडं वाढवत न्या. खंड्याच्या वजनाला पहिल्या दिवशी सगळं मिळून १५० ग्रॅम पुरे, दुसऱ्या दिवशी चार-पाच वेळांत ३०० ग्रॅम. दोन दिवस उलटी नसेल तर नेहमीचं खाणं मिसळायला लागा: आधी पाव, मग अर्धं, मग पाऊण. चार दिवस लावा. या टप्प्यावर घाई झाली की पाचव्या दिवशी उलटी परत येते आणि सगळे म्हणतात, चिकन-भात बाधला.

या सगळ्या वेळात दर दोन तासांनी तीन गोष्टी बघा. हिरड्या: निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबून सोडली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. बोटाला चिकट लागली तर पाणी कमी पडतंय. पांढरट, निळसर किंवा विटकरी लाल दिसली तर वाट पाहू नका. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. पोट: दोन्ही तळव्यांनी हळूच दाबा. मऊ असावं. कळवळला किंवा पोट फळीसारखं कडक झालं तर ते साधं अपचन नाही. तिसरं तापमान: गुदद्वारात डिजिटल थर्मामीटरने मोजलेलं ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस ठीक. साडेएकोणचाळीसच्या वर किंवा साडेसदतीसच्या खाली असेल तर निघा. नाक गार आहे की गरम यावरून ताप कळत नाही.

उलटीच्या रंगाला लोक फार महत्त्व देतात. आमच्या लेखी, पाणी टिकतंय का आणि कुत्रा हाक मारल्यावर उठतो का, हे रंगापेक्षा मोठे प्रश्न आहेत. तरी दोन रंग लक्षात ठेवायलाच हवेत. ताजं लाल रक्त हा एक. उबळींच्या जोराने एखादी लाल रेघ येऊ शकते, पण रक्ताच्या गुठळ्या किंवा चमचाभर रक्त असेल तर लगेच जायचं. दुसरा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट तपकिरी. ते जठरात पचलेलं रक्त असतं, जखम आत आहे. उलटीला शेणासारखा वास येत असेल तर आतडं तुंबल्याची शंका घ्यावी.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कधी धावायचं. चोवीस तासांत पाच-सहाच्या वर उलट्या, किंवा दिवस उलटूनही थांबत नाहीत. पाणी टिकत नाही. रक्ताचे जुलाब. कुत्रा मलूल, उठायला मागत नाही. पिल्लू आहे, म्हातारा आहे, किंवा मूत्रपिंडाचा, यकृताचा, मधुमेहाचा जुना रुग्ण आहे. लसीकरण पूर्ण नसलेल्या पिल्लाला उलटी आणि मलूलपणा एकत्र दिसले तर पार्व्हो हा जीवघेणा विषाणूजन्य आजार समजूनच निघायचं, रक्ताच्या जुलाबाची वाट बघायची नाही. लस न घेतलेल्या इतर कुत्र्यांपासून ते लांब ठेवा आणि दवाखान्यात शिरण्याआधी तसं सांगा.

नसबंदी न झालेली मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांत खाणं सोडते, खूप पाणी पिते, ओकते. तेव्हा गर्भाशयात पू झालेला असू शकतो. स्राव बाहेर दिसलाच पाहिजे असं नाही. गर्भाशयाचं तोंड बंद असलं तर पू आतच साचतो आणि ते जास्त घातक.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांच्या मालकांसाठी एक सूचना, खंड्याला ती फारशी लागू नाही: ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमनसारख्या कुत्र्याला उबळी जोरात येतायत पण थोड्या फेसापलीकडे काही पडत नाही, पोट टम्म फुगलंय, तो एका जागी बसत नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि कुत्रा काही तासांत दगावतो. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी फोन करत करतच निघायचं.

कचऱ्यानंतर मुद्दाम शोधायच्या गोष्टी वेगळ्या. पिशवीत काय होतं ते उलगडून बघा आणि काय गायब आहे ते मोजा: मक्याचं कणीस, फळाची कोय, शिजवलेली हाडं, मोजा, दोरा. अडकलेल्या वस्तूचं लक्षण असं की उलट्या थांबून पुन्हा सुरू होतात, खाल्लेलं दहा-बारा तासांनीही तसंच पडतं, शी कमी होत जाते. पण शी झाली म्हणून आतडं मोकळं आहे असं समजू नका. अडथळ्याच्या पुढचा भाग रिकामा होतच असतो. कापड, रबर किंवा कोय साध्या एक्स-रेत चटकन दिसत नाही, म्हणून डॉक्टर सोनोग्राफी सुचवतात. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक आत अडकलेलं असतं आणि ताणलेला दोरा आतडं कापतो. बुरशी लागलेलं अन्न खाल्ल्यावर अंगाला थरथर सुटली, किंवा तुपकट खाल्ल्यावर कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरायला लागला, तर पहिल्यात बुरशीचं विष आणि दुसऱ्यात स्वादुपिंडाची सूज. दोन्ही घरी बरी होत नाहीत.

विषाच्या बाबतीत तर उलटीची वाट पाहणंच चूक. झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा पदार्थ बिनसाखरेच्या च्युइंग गममध्ये असतो, किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेला तरी अर्ध्या-एक तासात साखर कोसळू शकते. १२ किलोला म्हणजे सव्वा ग्रॅमसुद्धा पुरेसा. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात आणि किती खाल्ल्यावर धोका, हे कुत्र्यागणिक बदलतं. चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. रक्त पातळ करणाऱ्या उंदराच्या विषाने सुरुवातीला काहीच होत नाही, तीन-पाच दिवसांनी आतून रक्तस्राव सुरू होतो. म्हणून ‘खाल्लं पण ठीक आहे’ याला अर्थ नाही. झिंक फॉस्फाइडचं विष असेल तर पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू होतो. कुत्र्याला खायला घालू नका, आणि त्याने उलटी केली तर खिडक्या उघडा. तो वास घरच्यांनाही बाधतो. विषाचं पाकीट सोबत न्या.

शेजाऱ्यांचं मिठाचं पाणी इथेच निकालात काढू. मिठाने उलटी होईलच असं नाही, आणि न झाल्यास ते मीठ रक्तात जाऊन मेंदूला इजा करतं, झटके येतात. आधीच ओकणाऱ्या कुत्र्याला ते पाजणं म्हणजे कोरड्या पडत चाललेल्या शरीरातून आणखी पाणी ओढणं. ॲसिड, फिनेल, रॉकेल पोटात गेलं असेल, कुत्रा गुंगीत असेल किंवा झटके येत असतील तर कोणत्याही उपायाने उलटी करवायची नाही. करवायची असेलच तर ते डॉक्टर इंजेक्शन देऊन करतील, आणि त्याचा उपयोग खाल्ल्यापासून पहिल्या दोन तासांत.

ॲसिडिटीच्या गोळीने फार नुकसान झालं नसतं कदाचित, पण फायदाही नव्हता. कचऱ्यानंतरच्या उलटीचं मूळ आम्लात नसतं. खरी भीती माणसांच्या दुसऱ्या गोळ्यांची. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठराला भोकं पडतात, मूत्रपिंडं जातात. उलटी थांबवणाऱ्या काही गोळ्या जठर-आतड्याची हालचाल वाढवतात, आणि काही अडकलेलं असताना ती हालचाल आतडं फाडू शकते. डॉक्टर मॅरोपिटंट हे उलटी थांबवणारं औषध देतात तेही आधी पोट तपासून, कारण उलटी थांबली की अडथळ्याचं मोठं लक्षण झाकलं जातं.

आता खंड्याचं पुढे. आज रात्रीपासून उशिराचा पाव हिस्सा आणि हळू खाण्याचं भांडं सुरू करा, आणि एका वहीत पंधरा दिवस लिहा: उलटीची वेळ, त्याआधीचं जेवण किती वाजता, उबळ आली की नुसतं घरंगळलं, नंतर भूक होती का. दर रविवारी वजन. ते अर्ध्या किलोने घटलं तर पंधरा दिवसही थांबू नका. फरक नसेल तर ती वही, व्हिडिओ आणि डबीत ताज्या शीचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्ततपासणीत मूत्रपिंड, यकृत, साखर यांच्या जोडीने सोडियम आणि पोटॅशियमही मोजायला सांगा. अॅडिसन नावाच्या, मूत्रपिंडांजवळच्या ग्रंथींच्या आजारात कुत्रा महिनोन्‌महिने अधूनमधून ओकतो, मध्ये छान असतो, आणि साध्या तपासणीत तो निसटतो. डॉक्टरांना शंका आली तर ते रक्तातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक बघतील. हे सगळं नीट आलं तर पोटाची सोनोग्राफी, आणि मग आहार बदलून पाहणं: आजवर न खाल्लेलं एकच प्रथिन, नाहीतर डॉक्टरांनी दिलेलं खास खाद्य. आहाराचा संबंध असेल तर पोटाच्या तक्रारीत बहुधा दोन आठवड्यांत फरक दिसतो, पण त्या दोन आठवड्यांत कुणीही, वडिलांनीसुद्धा, टेबलाखालून बिस्किट सरकवायचं नाही.